छेद कोणता, ते आधी विचारा



मी फलटणला महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर आमच्या भागात ऊस पिकतो. उसाच्या फडात उंदीर आणि उंदरांच्या मागे साप, हे ओघाने आलेच. म्हणून सर्पदंश हा आमच्याकडे पुस्तकातला विषय नाही. दर पावसाळ्यात आणि पुन्हा ऊसतोडीच्या दिवसांत, कोणाच्या ना कोणाच्या घरी तो प्रसंग येतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. अकरावीच्या वर्गात दाबाचा धडा चालू होता आणि बोलता बोलता विषय सापाच्या दातांवर गेला. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "सर, आमच्या गावचा भगत विष उतरवतो. त्याच्याकडे नेलेली पंचवीस-तीस माणसं बरी झालेली मला माहीत आहेत. नावं सांगू?" वर्ग हसला. मीही हसलो, आणि "अरे, ही अंधश्रद्धा आहे" एवढे एक वाक्य टाकून पुन्हा दाबाकडे वळलो. मुलगा खाली बसला. त्याचे समाधान झालेले नव्हते, हे मला दिसत होते. पण तास संपत आला होता.

त्याच वर्षी मार्गशीर्षात त्याच्या चुलतीला फडात घोणस चावली. तिला आधी भगताकडे नेले. तिथे दोन-अडीच तास गेले. मग गाडी मिळाली, पण रुग्णालयात पोहोचायच्या आतच ती गेली. आठ दिवसांनी मुलगा वर्गात आला, तेव्हा मला काहीच बोलला नाही. बोलला असता, तर काय उत्तर दिले असते मी? त्याने माझ्यापुढे पुरावा ठेवला होता. तो पुरावा अपुरा होता, पण त्याच्या परीने पुरावाच होता. मी त्याला उत्तर म्हणून फक्त एक शब्द दिला. खरे तर त्याला चार चौकटींचा एक साधा तक्ता काढून दाखवायला हवा होता.

तो तक्ता आज तुमच्यापुढे काढतो. त्यात बेरीज आणि भागाकार यांपलीकडचे गणित नाही.

चार चौकटींचा तक्ता

आधी एक खरा तक्ता पाहू. पटकी म्हणजे कॉलरा. आळंदीहून पंढरपूरला जाणारी ज्ञानोबांची पालखी आमच्या फलटणला मुक्काम करते. पूर्वी वारीच्या दिवसांत पटकीच्या साथीची धास्ती वारकऱ्यांना आणि वाटेवरच्या गावांना कायम असे. या रोगावर वाल्देमार हाफकिन या शास्त्रज्ञाने पॅरिसच्या पाश्चर संस्थेत लस तयार केली आणि १८९२ साली ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९३ साली तो भारतात आला. पुढे १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उसळला, तेव्हा त्याने मुंबईत प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी तीही आधी स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था ती याच हाफकिनच्या नावाची.

लस टोचली, माणसे वाचली, असे नुसते म्हणून भागत नाही. ते मोजून दाखवावे लागते. ग्रीनवूड आणि यूल या दोन ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञांनी १९१५ साली पटकी व विषमज्वर यांच्या लसींचे असे आकडे तपासून पाहिले. त्यांतला पटकीचा एक तक्ता संख्याशास्त्राच्या पुस्तकांतून आजही भेटतो. पटकीचा संसर्ग होण्याजोग्या परिस्थितीत असलेल्या ८१८ व्यक्तींचा हा हिशेब आहे :

| | पटकी झाली | पटकी झाली नाही | एकूण |
|---|---|---|---|
| लस टोचलेले | ३ | २७६ | २७९ |
| लस न टोचलेले | ६६ | ४७३ | ५३९ |
| एकूण | ६९ | ७४९ | ८१८ |

प्रत्येक माणसाला आपण दोन प्रश्न विचारले : लस टोचली होती का? पटकी झाली का? दोन प्रश्न, प्रत्येकाची दोन उत्तरे, म्हणून आतल्या चौकटी चार. कडेच्या बेरजा आपण नंतर मांडतो. त्या आडव्या आणि उभ्या दोन्ही बाजूंनी ८१८ च भरल्या पाहिजेत. आधी तेवढे तपासून पाहा.

आता संभाव्यता. अनुकूल शक्यतांची संख्या भागिले एकूण शक्यतांची संख्या, हे सूत्र तुम्हाला ठाऊक आहेच. या ८१८ जणांची नावे चिठ्ठ्यांवर लिहून एका घागरीत टाकली आणि डोळे मिटून एक चिठ्ठी काढली, असे समजा.

ती व्यक्ती लस टोचलेली असण्याची संभाव्यता किती? २७९ भागिले ८१८, म्हणजे सुमारे ०.३४. तिला पटकी झालेली असण्याची? ६९ भागिले ८१८, सुमारे ०.०८४. लस टोचलेली असून शिवाय पटकीही झालेली असण्याची? ३ भागिले ८१८, म्हणजे सुमारे ०.००४. इथवर तिन्ही वेळा छेदस्थानी ८१८ च आहेत, कारण चिठ्ठी सगळ्यांमधून काढली आहे.

आता घागरीतून फक्त लस टोचलेल्यांच्या चिठ्ठ्या वेगळ्या काढा आणि त्यांतून एक उचला. तिला पटकी झालेली असण्याची संभाव्यता किती? आता छेद ८१८ राहिला नाही, तो २७९ झाला. ३ भागिले २७९ म्हणजे ९३ त १, सुमारे ०.०११. न टोचलेल्यांतून उचललीत तर ६६ भागिले ५३९, म्हणजे सुमारे ०.१२२. हिला सशर्त संभाव्यता म्हणतात. शर्त घातली म्हणजे घागर लहान होते, आणि घागर लहान झाली की छेद बदलतो. सशर्त संभाव्यतेचे मर्म एवढेच आहे. या तक्त्यात न टोचलेल्यांना पटकी होण्याचे प्रमाण टोचलेल्यांच्या अकरा पटींहून अधिक आहे.

लस टोचण्याचा आणि पटकी होण्याचा काहीच संबंध नसता, तर काय दिसले असते? एकूण लोकांत पटकीचे प्रमाण ६९ भागिले ८१८. तेच प्रमाण टोचलेल्या २७९ जणांतही असायला हवे होते. २७९ ला ६९ ने गुणा आणि ८१८ ने भागा, उत्तर येते सुमारे २३.५. म्हणजे लस निरुपयोगी असती, तर टोचलेल्यांतले तेवीस-चोवीस जण आजारी पडल्याचे दिसले असते. प्रत्यक्षात पडले तीन. एवढी मोठी तफावत नुसत्या योगायोगाने पडावी, हे मनाला पटत नाही.

एकच चौकट, तीन प्रश्न

आता डाव्या वरच्या कोपऱ्यातल्या ३ या आकड्याकडे पुन्हा पाहा. ३ भागिले ८१८, ३ भागिले २७९ आणि ३ भागिले ६९ हे तिन्ही अपूर्णांक बरोबर आहेत. अंश तोच आहे. पण पहिला सांगतो, सगळ्या लोकांत 'टोचूनही आजारी' किती. दुसरा सांगतो, टोचलेल्यांपैकी आजारी किती. तिसरा सांगतो, आजाऱ्यांपैकी टोचलेले किती. हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत. एकाचे उत्तर दुसऱ्याच्या तोंडी घातले, की शिकलेली माणसेसुद्धा फसतात.

२०२१ साली करोनाची लस देणे चालू होते, तेव्हाचे बोलणे आठवा. "रुग्णालयातले निम्म्याहून जास्त रुग्ण लस घेतलेलेच आहेत, मग लसीचा उपयोग काय?" असे कितीतरी जण विचारीत होते. एक काल्पनिक गाव घेऊ. वस्ती १०००. त्यांतल्या ९०० जणांनी लस घेतली, १०० जणांनी घेतली नाही. लस घेतलेल्यांपैकी १८ आजारी पडले, न घेतलेल्यांपैकी १०. एकूण आजारी २८, त्यांत लस घेतलेले १८, म्हणजे शेकडा ६४. ऐकणारा हबकून जातो. पण योग्य छेद घ्या. लस घेतलेल्यांत ९०० पैकी १८, म्हणजे शेकडा २. न घेतलेल्यांत १०० पैकी १०, म्हणजे शेकडा १०. लसीने धोका पाचवा हिस्सा केला. आजाऱ्यांत लस घेतलेले जास्त दिसले, याचे कारण गावातच ते जास्त होते. बातमीतला आकडा खोटा नव्हता, पण तो वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर होता.

भगताचा हिशेब

आता त्या मुलाकडे परत येऊ. "पंचवीस-तीस माणसे बरी झाली" हे त्याचे म्हणणे आपण खरे धरू. त्याला खोटे पाडायची गरजच नाही. पण तक्त्यात हा आकडा कोठे बसतो? 'भगताकडे नेले आणि वाचले' या एकाच चौकटीत. बाकीच्या तीन चौकटी कोऱ्या आहेत. भगताकडे नेऊन दगावलेले किती? रुग्णालयात नेऊन वाचलेले किती, दगावलेले किती? वाचलेला माणूस गावभर हिंडतो, नवस फेडतो, त्याची गोष्ट पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. दगावलेल्याच्या बाबतीत "वेळ आली होती" म्हणतात आणि त्याचे नाव त्या हिशेबात कोणी धरत नाही. एक चौकट बोलकी आणि बाकीच्या मुक्या, अशी ही स्थिती असते.

आणि चारही चौकटी भरल्या तरी एक फसगत शिल्लक राहते. आपल्याकडे आढळणाऱ्या सापांपैकी बहुतेक बिनविषारी असतात. धामण, दिवड, तस्कर, कवड्या चावला, तर माणूस भगताशिवायही वाचतो आणि डॉक्टरांशिवायही. विषारी साप चावला तरी काही वेळा तो विष सोडतच नाही. त्याला कोरडा दंश म्हणतात. तेव्हा नुसते 'वाचले' आणि 'दगावले' असे दोन भाग करून चालणार नाही, 'विष भिनले होते का?' हा तिसरा प्रश्नही विचारावा लागतो. खालचे आकडे मी केवळ समजावण्यासाठी घेतले आहेत, ते कोणत्याही गावाचे किंवा रुग्णालयाचे नाहीत. वेळेवर उपचार मिळाले तर रुग्णालयातले चित्र याहून चांगले असते, येथे मी मुद्दामच हात आखडता ठेवला आहे.

| | विष भिनले नव्हते | त्यांतले वाचले | विष भिनले होते | त्यांतले वाचले | एकूण | एकूण वाचले |
|---|---|---|---|---|---|---|
| भगताकडे नेलेले | ७५ | ७५ | २५ | १३ | १०० | ८८ |
| रुग्णालयात नेलेले | १० | १० | ९० | ७७ | १०० | ८७ |

शेवटचा स्तंभ पाहा. भगताकडे ८८ वाचले, रुग्णालयात ८७. नुसत्या बेरजेवर गेलात तर भगत एका गुणाने पुढे! पण विष भिनलेल्यांच्या स्तंभात या. भगताकडे २५ पैकी १३ वाचले, म्हणजे शेकडा ५२. रुग्णालयात ९० पैकी ७७, म्हणजे शेकडा सुमारे ८६. बेरजेने हे झाकून टाकले, कारण ज्यांच्या अंगावर सूज चढली, ज्यांच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले, अशांनाच लोकांनी रुग्णालयाकडे पळवले. अवघड रुग्ण एकीकडे आणि सोपे दुसरीकडे गेले. भगताकडे वाचलेल्या ८८ जणांपैकी ७५ जण, म्हणजे शेकडा ८५, घरी निजून राहिले असते तरी वाचले असते. मुलाने ऐकलेल्या पंचवीस-तीस गोष्टींतल्या बहुतेक अशाच असणार.

ज्या उपायाने त्याच्या चुलतीचे प्राण वाचू शकले असते, तो म्हणजे प्रतिसर्पविष, ज्याला लोक 'सापाची लस' म्हणतात. घोड्याला थोडे थोडे विष टोचून त्याच्या रक्तात तयार झालेल्या प्रतिद्रव्यांपासून ती करतात, आणि नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषांवर ती चालते. वर ज्या हाफकिन संस्थेचा उल्लेख केला, त्याच संस्थेत ही लस बनवण्याचे काम कित्येक दशके झाले. असे असूनही २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतली बहुतेक खेड्यांतली. सर्पदंश झालेल्याला वैद्यकीय उपचारापासून अडवून मंत्रतंत्राचे उपचार करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. कायदा हवाच. पण रात्री अकरा वाजता कंदील घेऊन रुग्णाभोवती जमलेल्या माणसांत पोलीस नसतो. तिथे गाडी कोणत्या दिशेने न्यायची, हे घरातले कोणीतरी ठरवते. त्या घरात एखादा दहावीचा विद्यार्थी असतो. त्याचे ऐकले जाईल असे त्याला बोलता आले पाहिजे.

तक्त्याने सिद्ध काय होते?

तुमच्यातला एखादा चौकस विद्यार्थी विचारील, "सर, मग पटकीच्या तक्त्यातही असेच काही लपलेले नसेल कशावरून?" शाबास! हाच प्रश्न ग्रीनवूड आणि यूल यांनी स्वतः विचारला होता. टोचलेले आणि न टोचलेले लोक इतर सर्व महत्त्वाच्या बाबतींत सारखे असले पाहिजेत, संसर्गाचा धोका दोघांना सारखाच असला पाहिजे, आणि कोण टोचलेला व कोण आजारी या दोन गोष्टी एकमेकींवर अवलंबून न राहता ठरवल्या गेल्या पाहिजेत, अशा अटी त्यांनी घातल्या. टोचलेले सगळे विहिरीचे स्वच्छ पाणी पिणारे आणि न टोचलेले सगळे ओढ्याचे पाणी पिणारे असतील, तर फरक लसीचा की पाण्याचा, हे तक्ता सांगू शकत नाही. म्हणून पुढच्या काळात कोणाला औषध द्यायचे आणि कोणाला नाही, हे चिठ्ठ्या टाकून ठरवण्याची पद्धत आली. तक्ता हा शेवटचा निवाडा नव्हे. पण तक्त्याशिवाय खटला उभाच राहत नाही.

शिक्षक बंधुभगिनींना

आता थोडे शिक्षकांसाठी. दहावीच्या गणितात संभाव्यता आहे, आणि ती नाणी, फासे आणि पत्ते यांच्या आधाराने शिकवली जाते. नाणेफेक वाईट नाही, सूत्र समजायला ती सोपी पडते. पण नाण्याला इतिहास नसतो आणि त्याच्यापाशी फसवणूकही नसते. एकूण शक्यता किती, हे तिथे आधीच ठरलेले असते. खऱ्या आयुष्यात छेद कोणता घ्यायचा हाच प्रश्न असतो, आणि नेमका तोच नाणी-फाशांच्या उदाहरणांत कधी येत नाही. परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवलेला मुलगा भगताच्या तीस गोष्टींपुढे निरुत्तर होतो, याचे एक कारण हे आहे, असे माझे मत आहे.

"अभ्यासक्रम संपत नाही, त्यात हे आणखी कुठे घालू?" असे तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणत होतो. पण यासाठी वेगळा पाठ नको, दोन तास पुरे. पहिल्या तासाला वर्गाचाच तक्ता करा. चालत येणारे आणि एस.टी.ने येणारे, पहिल्या तासाला वेळेवर पोहोचलेले आणि उशिरा आलेले. हात वर करायला सांगा, चार चौकटी फळ्यावर भरा, कडेच्या बेरजा मुलांना करू द्या. मग विचारा : "उशिरा आलेल्यांपैकी एस.टी.ने येणारे किती?" आणि लगेच विचारा, "एस.टी.ने येणाऱ्यांपैकी उशिरा किती?" दोन्ही उत्तरे वेगळी आली, की वर्गात जी चुळबूळ होते, तिचा फायदा घ्या. दुसऱ्या तासाला मुलांनी घरी ऐकलेले एकेक विधान आणायचे : अमक्या दिवशी पेरले की पीक साधते, अमका काढा घेतला की ताप उतरतो, अमक्या क्लासची मुले पहिली येतात. कोणाचीही टर उडवू नका. फक्त विचारा, यातली कोणती चौकट आपल्याला माहीत आहे, आणि कोणत्या तीन माहीत नाहीत?

टर उडवू नका, हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो आहे. वर्ग हसला की मुलगा बोलायचा थांबतो, पण त्याचा विश्वास आहे तिथेच राहतो. त्याला त्याचाच आकडा घेऊन तक्त्यात बसवायला लावले, तर उरलेल्या कोऱ्या चौकटी त्याच्या त्यालाच दिसतात.

तो मुलगा आता बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. मागच्या महिन्यात मी त्याला घरी बोलावले आणि वरचे तक्ते त्याच्यापुढे काढले. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "सर, हे तुम्ही तेव्हा सांगायला हवं होतं." मी म्हटले, "होय रे, हवं होतं." थोड्या वेळाने त्याने तो कागद घडी घालून खिशात ठेवला आणि विचारले, "हा गावच्या शाळेत लावला तर चालेल ना?"

मित्रहो, तुमच्याही गावात शाळा आहे, शाळेत फळा आहे. सर्पदंश झाला तर जखम कापू नका, चोखू नका, घट्ट दोरी आवळू नका. चावलेला अवयव हलू देऊ नका आणि माणसाला सरळ रुग्णालयात न्या, हे त्या फळ्यावर लिहाच. आणि त्याच्या शेजारी चार चौकटी आखून ठेवा.